कात्रीची पावलं

—नाही नाही, मान हलवू नका साहेब, कल्ला वाकडा जाईल. हे मनगटावरचं? घड्याळ कुठलं, पहारेकरी आहे! डॉक्टरांनी बांधायला लावलंय — मला शुगर, आमच्या हिचं हृदय गेल्या वर्षी रुसलेलं, म्हणून दोघांना एकेक. आपण चाललो की हा पट्टा पावलं मोजतो, मोबाईलमधल्या ॲपकडे चहाडी करतो, आणि ते ॲप माझा आकडा तिला दाखवतं, तिचा मला. आता घरात लपवायला काही उरलं का? नाही उरलं! तर पहिल्याच संध्याकाळी बघतो तर काय — या खुर्चीभोवती फिरण्यापलीकडे मी कुठं गेलो नव्हतो, आणि ॲप म्हणतंय, शाब्बास, किती चाललात! मी चक्रावलोच. मग लक्षात आलं — ही कात्री! उजव्या हाताला बांधलंय ना, प्रत्येक कचकच म्हणजे याला पाऊल वाटतं. तुमचंच बघा, एवढे दाट केस — एका डोक्यात माझा डोंगर चढून होतो.

सांगून टाकणार होतो हो, खरंच. पण घरी गेलो तर ही गाल फुगवून बसलेली. ‘तुम्ही? आणि चालता? पाणीसुद्धा बसल्या जागी मागणारा माणूस!’ — आणि पायात चपला सरकवून निघालीच की! अहो, दुखण्यानंतर जी बाई जिना उतरायला घाबरायची — मधेच हृदय थांबलं तर, म्हणायची, आणि दिवसभर पलंगावर पडून छताकडे बघत राहायची — ती मला हरवायचं म्हणून बाहेर पडली! मला रडूच फुटलं, नळ सोडून तोंड धूत बसलो. मग कोण सांगतोय? मूग गिळून गप्प. आणि एकदा सुट्टीच्या दिवशी माझा आकडा पडला, तर हिला वाटलं मला बरं नाही — दिवसभर उशाशी बसली, फिरायला गेलीच नाही. तेव्हापासून दुकान बंद असलं की मी बाथरूमची कडी लावतो आणि हवेत कात्री चालवतो. हसू नका! हसलात की मान हलते.

माझी शुगर? ती कुठली उतरतेय. डॉक्टर आकडे बघून डोकं खाजवतात — एवढं चालून साखर जागची हलत कशी नाही म्हणे. राहू दे हो. तिचं चाललंय ना, झालं तर.

तुमचे केस? ते कधीच झाले. ही कात्री आपली हवेतच चाललीय — बसा ना जरा, आज आमची ही आकड्यात पुढे आहे. आरशात बघा, मागं समोरच्या बागेच्या कुंपणाशी, निळ्या स्वेटरमधली — तीच आमची ही. थांबली... मोबाईल बघतेय... आता बघा कशी वळते आणखी एका फेरीला — छे, वळली नाही. इकडेच येतेय. दुकानाच्या काचेशी आली. आणि हे काय करतेय? दोन बोटं... उघड-मीट, उघड-मीट... कात्री? म्हणजे हिला... कधीपासून? आणि हसतेय वर! अन् आता बोटानं बोलावतेय — कुणाला? मला?

उठा साहेब, उठा. पैसे उद्या द्या. नाही, दाढी आज नाही, दुकान बंद. ही कात्री धरा जरा — माझ्या चपला कुठायत?