आडनाव नसलेला सुपरहिरो

चहा घ्या, पण मी शाळांच्या भिंती रंगवायचं का सोडलं, ते आधी ऐका.

चौसाळ्याजवळच्या एका गावात हेडमास्तर म्हणले, "पेंटर, पोरांसाठी आपल्या देशाचा सुपरहिरो काढा." मी उडता गडी काढला. तोंडावर मुखवटा, छातीवर भारताचा नकाशा. रंगावरून बोंब नको म्हणून पाठीवरचं कापड मुद्दाम राखाडी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सरपंच आले. लई वेळ बघत राहिले.

"काय रे मिलिंद, ह्याचं आडनाव काय?"

"आडनाव न्हाई सरपंच. त्यो देशाचा हाय."

"तोंड झाकलंय, आडनाव सांगत न्हाई, आन देशाचा म्हणतो. विरोधकांनी घुसवलाय ह्यो."

दुपारी विरोधक आले. त्यांनीबी आडनावच विचारलं, आन हा सरपंचाचा माणूस हाय असं ठरवून गेले.

तेवढ्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली. पाट्या झाकायला तालुक्याचे साहेब कागद आन खळ घेऊन आले.

"हा कोणत्या पक्षाचा?"

"कुणाचाच न्हाई, साहेब."

"कुणाचाच नाही?" साहेबांनी चष्मा पुसून परत बघितलं. "मग आधी ह्यालाच झाका."

शिपायानं मुखवट्यापासून बुटापर्यंत कागद डकवला. खाली कोपऱ्यात माझी सही तेवढी उघडी राहिली, 'मिलिंद पेंटर'. साहेबांनी ती दोनदा वाचली, मग हळूच माझ्याकडं वळले.

"तुम्हीपण आडनाव लावत नाही वाटतं?"