म्हातारीला खडकावर न्यायचंय

बसा हो काका, कॅमेरा कुठे पळून जात नाही — आणि गिधाडंही नाहीत. ट्रॅक्टर सुरू झाल्याशिवाय आज इथलं पानही हलायचं नाही. चहा घ्या. साखर घातलीय, काल विसरले होते — काल माझं लक्ष कुठे होतं म्हणा. हो, तोच खडक, समोरचा, पांढरे ओघळ दिसतात तो. आमच्या गोठ्यातलं जनावर गेलं की तिथे नेऊन ठेवायचं, पुरायचं नाही, आणि तुमच्यासारख्या पाहुण्यांनी इथे व्हरांड्यात बसून गिधाडं उतरताना बघायची. सगळी माझ्या दादाची कल्पना. गुरं मी सांभाळायची, खोल्या मी झाडायच्या, चादरी मी धुवायच्या, आणि पाहुण्यांनी दादाला म्हणायचं, काय सुंदर जागा उभी केलीत हो! — छे, रागावले नाही. थकलेय. चेहरा दोन्ही वेळेला सारखाच होतो, त्याला मी काय करू?

कसली आदळआपट? दादाच तो. ट्रॅक्टरची किल्ली शोधतोय सकाळपासून. सापडेल की — जाते कुठे?

तर म्हातारी. म्हातारी म्हणजे गाय हो, आजी नव्हे — मागे एक बाई दचकल्याच होत्या, म्हातारी गेली की खडकावर ठेवू म्हटल्यावर. एक शिंग वाकडं. इथे आलेल्या प्रत्येक पोराचा तिच्याबरोबर फोटो आहे. दोरीवरचे टॉवेल चघळायची मेली, किती ओरडले असेन तिला! गेल्या आठवड्यात ओढ्यात घसरली, खुबा मोडला, उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले, पक्ष्यांना चालणारं औषध देऊन गेले — कसला फरक पडतोय? तुमची खोली गोठ्याला लागून, ऐकलं असेलच तिचं कण्हणं. नाही? झोप छान आहे हो तुमची. मला तर जेवण जाईना. काल संध्याकाळी मात्र कण्हणं थांबलं. मान माझ्या मांडीवर टाकली, थोडं रवंथही केलं, आणि पहाटे गेली — शांत गेली बिचारी.

का थांबलं म्हणजे? औषधानं. दुसऱ्या. — तुम्ही फार प्रश्न विचारता हो काका.

दादाचा इथे एकच कायदा. ते जुनं कडक इंजेक्शन जनावराला द्यायचं नाही, कितीही दुखू दे. ते अंगात असलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. त्यानं सगळ्या बाटल्या फेकायला लावल्या, मी फेकल्याही — एक सोडून. का ठेवली? जीव माझ्यासमोर तडफडतो म्हणून! दादा कड्यावर दुर्बीण लावून बसतो, गोठ्यात मी बसते. पण असं बघू नका माझ्याकडे, मलाही कळतं. या कड्यावर एक गिधाड उरलं नव्हतं, दादानं उभी हयात घातली तेव्हा कुठे परतली. कपारीतलं पिल्लू दाखवलं ना त्यानं तुम्हाला? ते पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी हा एवढा बाप्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. मी का त्या पिल्लाच्या मुळावर उठलेय? म्हणून तर किल्ली —

काही नाही. चहा घ्या.

सांगणार होते हो. सकाळी उठल्या उठल्या सांगणार होते. पण तो आला तोच तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, म्हातारी जाताना पिल्लाचं पोट भरून चालली. आता यावर कुठल्या तोंडानं सांगायचं? किल्ली उचलली आणि चादरी धूत बसले. वाटलं, दुपारपर्यंत सुचेल काहीतरी. काय सुचणार, कपाळ! ही बघा — मुठीत धरून धरून गरम झालीय.

काय म्हणतोय तो? दोर? दोर कशाला — ओढत नेणार? हातानं?

दादा! ए दादा, ठेव तो दोर! तिला हात लावू नकोस, इकडे ये आधी. — हो, माझ्याकडेच आहे किल्ली. मीच घेतली. तू ये तर.

काका, तुम्ही उठा आता. कप आत न्या. आणि दार ओढून घ्या.