साहेबांच्या बागेविषयी दोन शब्द

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारी अभियंता साहेब; पोखर्णीहून उन्हातान्हाचे आलेले प्रमुख पाहुणे, पाणीवापर संस्थेचे शिवशंकरअप्पा; व्यासपीठावरील सर्व मान्यवर; ज्यांच्यासाठी हा थाट मांडलाय ते सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, श्री. उद्धवराव; पाटबंधारे कार्यालयातील बंधू-भगिनी आणि मागे पंख्याखाली जागा धरून बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

सूत्रसंचालक धम्मानंद यांनी मला आग्रहानं सांगितलं, "प्रमोदिनीवहिनी, तुमीबी दोन शब्द बोला." सेवानिवृत्तांच्या बायकोनं अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला ठाऊक आहे. पदर डोळ्याला लावायचा, "ह्यांना सांभाळून घेतलंत" म्हणायचं आणि साडीचा बॉक्स मांडीवर घेऊन खाली बसायचं. मी तसं करणारही होते. साडी चांगली आहे. रंग असा का निवडला ते विचारत नाही, पण पोत चांगला आहे.

पण मघापासून जो उठतोय तो सांगतोय की, साहेब आता आपल्या गच्चीवरच्या बागेत रमणार. अप्पा तर म्हणाले, "साहेबांच्या हाताला गुण हाय. शिवाराला पाणी पाजलं अन् घरी नंदनवन फुलवलं." लगेच कर्मचाऱ्यांच्या वतीनं ह्यांना पितळी झारी भेट देण्यात आली. टाळ्या पडल्या. ह्यांनी मान लववून त्या स्वीकारल्या. मी शेजारच्याच खुर्चीत होते. "अहो, ती बाग हिची आहे," एवढं एक वाक्य ह्यांच्या तोंडून निघेल म्हणून वाट बघितली. निघालं नाही. तेव्हा मंडळी, माझे दोन शब्द त्या बागेविषयी.

मुळात ती तुम्हाला वाटते तशी बागच नाही. गुलाब नाही, मोगरा नाही. सक्युलंट म्हणतात ती झाडं आहेत. जाड, गुबगुबीत पानांची, पानातच पाणी साठवून ठेवणारी. वाळू, विटांचा चुरा, नावाला शेणखत, वर हिरवी जाळी. आपल्या परभणीच्या उन्हाळ्यात ती जगवायची म्हणजे माणसानं हात आवरायला शिकावं लागतं. आणि हात आवरणं सोडून बाकी सगळं आपल्या लोकांना येतं.

आमच्या शेजारच्या वच्छलाबाई, आल्यात त्या, नमस्कार, त्या मला पहिल्यापासून सांगायच्या, "वहिनी, असलं निवडुंग घरात ठिवू नये, नवरा-बायकोत भांडणं होतेत." वच्छलाबाई, भांडणं झाली. पण त्यात निवडुंगाचा काही हात नव्हता. हे तर म्हणायचे, देवाला वाहता येत नाही, भाजीला चालत नाही, मग ही अडगळ कशाला? पुढं हीच झाडं नर्सरीत रंगीत कुंड्यांत विकायला आली, लोक वाढदिवसाला भेट द्यायला लागले आणि एका सकाळी ह्यांच्या मोबाइलच्या स्टेटसवर माझ्या गच्चीचा फोटो झळकला. खाली लिहिलं होतं, "माझी बाग". एका रात्रीत अडगळीची बाग झाली आणि मालकही बदलला!

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या झाडांत एक वाण आहे, लिथॉप्स. दिसायला हुबेहूब नदीतला खडा. दोनच पानं, मधोमध चीर. मी ती बियांपासून वाढवली होती. बी इतकं बारीक की पेरताना श्वास धरावा लागतो. सगळे म्हणाले, इथं जगायची नाहीत. जगली. फुललीसुद्धा. हिवाळा सरताना त्या चिरेतून नवी पानं वर येतात आणि जुन्या पानांतलं पाणी पिऊन मोठी होतात. जुनी पानं सुकून कागदासारखी होतात. बघणाऱ्याला वाटतं, झाड मेलं. पण तेव्हाच त्याला थेंबभरही पाणी द्यायचं नसतं.

नेमकं त्याच दिवसांत भाचीच्या बाळंतपणासाठी मला वालूरला जावं लागलं. जाताना ह्यांना एवढंच सांगितलं, "काही करू नका." अध्यक्ष साहेब, तुम्हीच सांगा, सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेल्या माणसाला यापेक्षा सोपं काम कोणतं?

ह्यांनी ठिबक बसवलं. ह्या कार्यालयातले सटवाजी शिडी घेऊन आले आणि गच्चीभर नळ्या टाकून गेले. मी परत आल्यावर विचारलं तर बिचारे म्हणाले, "मॅडम, म्या म्हणलं, वहिनीला इचारा. तर सायेब म्हणले, तिला काय कळतंय पाण्यातलं." सटवाजी, खाली बघू नका. तुमची चूक नाही. मान खाली घालायची ज्यांची पाळी आहे ते इकडं वर बसलेत.

गच्चीचं दार उघडलं तर कुजक्या काकडीचा वास आला. खडे फुटले होते. एकाला बोट लावलं, तर त्याचा लगदा बोटाला चिकटून आला. एकही वाचलं नाही. हे म्हणाले, "अगं, पार सुकायले होते ते. मला बघवंना. मायेनं घातलं मी पाणी." मायेनं! तहान लागलीय की नाही हे न विचारता घशात पाणी ओतायचं, त्याला माया म्हणतात? मी पालथ्या कुंडीवर बसून ओक्साबोक्शी रडले. हे खाली बातम्या बघत होते.

तेही मी गिळलं असतं. पण ही समोरची कुंडी बघा. दीप न लावता रोपाला पाणी घालून उद्घाटन करायची नवी पद्धत निघालीय, उत्तम आहे. फक्त हे रोप म्हणजे माझा क्रासुला आहे, त्याच जाड पानांच्या जातीतला. काल धम्मानंद रोप मागायला घरी आले तेव्हा मी बाजारात होते. हे म्हणाले, "वर जा, कुठलंबी घ्या." कुठलंबी! आणि आज व्यासपीठावरच्या प्रत्येक मान्यवरानं त्यावर तांब्या रिकामा केला. फोटो नीट आला नाही म्हणून अध्यक्षांनी दोनदा. आता पाणी बशीतून टेबलावर आणि टेबलावरून पहिल्या रांगेपर्यंत आलंय. ह्यांच्या सगळ्या नोकरीत टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत, पाणी पोहोचलेलं मी आज पहिल्यांदा पाहते आहे.

कुणीतरी ती कुंडी आडवी करा, पाणी निथळू द्या. आडवी, आडवी. असू द्या तशीच.

हे हळूच म्हणतायत, "अगं, बास की आता, लोकं हसायलेत." हसू द्या. मघाशी टाळ्या वाजवल्या तेव्हा लोक चांगले होते.

उद्यापासून हे दिवसभर घरी. म्हणून तुमच्यासमोर मागते. ठिबकच्या नळ्या निघतील. गच्चीवर यायचं तर मला विचारून. आणि बाग कुणाची आहे ते आत्ता, ह्या माइकवर सांगायचं. घ्या. बोला.

ऐकलंत? "हिचीच हाय बाग." मागे ऐकू आलं का? अहो, पुन्हा एकदा. हं. आता वाजवा टाळ्या.

मघाशी चहाच्या वेळी अप्पांनी मला विचारलं, "वहिनी, असल्या झाडात काय ठेवलंय वो?" अप्पा, ह्यांनी हे कधीच विचारलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हापासून जो उंबरा ओलांडतो तो मला पाणी मागतो. हे आले, पाणी. ह्यांचे साहेब आले, पाणी. कालव्यावरचे लोक भांडत आले, त्यांनाही आधी पाणी. मी देते. देण्याचं दुःख नाही. पण गच्चीवर गेलं की मला कुणी पाणी मागत नाही. सगळी आपापलं पाणी पोटाशी धरून गप्प बसलेली असतात, आणि मी त्यांच्यात जाऊन बसते. एवढीच जागा होती मला. ह्यांनी तिथंसुद्धा पाणी नेलं.

असो. आपण सर्वांनी ह्यांचा मान केलात, मला बोलू दिलंत, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघूनही बघितलं नाही, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर ते पदरात घ्या. ह्यांना लागलं असेल तर ते लागण्यासाठीच होतं.

आणि अहो, उद्यापासून तहान लागली तर माठ ओट्याच्या डाव्या हाताला असतो. पेला तिथंच आहे.