सलीमभाईच्या दुकानातले टिकाऊ बूट

टिकाऊ बुटाचं मले नका विचारू गड्याहो, माहं डोकं अजून ठिकाणावर नाई.

तवा कापसाले भावच नव्हता. मी एका जिनिंग कारखान्यासाठी गावोगावी कापूस पाहाचं काम करत होतो. शेतात अन् यवतमाळच्या हाफिसात, दोन्हीकडं चालतील असे बूट पाहिजे होते, म्हणून पुसदले सलीमभाईच्या दुकानात गेलतो.

सलीमभाई म्हणे, "घोट्याच्या वरचे घ्या, काटा लागत नाई." मी हो म्हटलं, तर म्हणे, "पण हाफिसात शिकाऱ्यासारखे दिसाल. खालचे घ्या."

"मंग काट्याचं काय?"

"काटा पाहून चाला ना, भाऊ!"

मले काई समजेना. शेवटी खालचेच घेतले.

पण शेतात जातो कायले? भाव येईल म्हणून लोकाइनं सारा कापूस घरात भरून ठेवलेला, ओसरीपासून देवघरापर्यंत. फटफटीवरून उतरलो की दारातूनच आवाज, "भाऊ, बूट काढा, लक्ष्मी हाय." बूट अंगणात, मी कापसात. हाफिसात फरशी नवीन, तिथंबी बूट बाहेरच.

दुसऱ्या दिवाळीले दुकानात गेलो, तर सलीमभाईनं माहा पाय उचलून एका गिऱ्हाइकाले दाखवला. "देखो, काळ्या मातीत फिरले हे. तळ घासला का कुठं?"

गिऱ्हाईक मले विचारते, "खरंच टिकतात का हो?"

आता काय सांगू? म्हटलं, "कापसाले भाव येऊ द्या, मंग सांगतो."