खड्डा मला, जॅम गावाला

बाबांना कोण सांगणार? — एवढंच विचारलं होतं मी, काकू, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत. काका चपला शोधायला लागले, आणि चपला पायातच होत्या त्यांच्या. आत्या पर्स उघडून आत बघत बसली. — हळू. नाही, तुम्ही बोलूच नका, तुमचा गळा भरून आलाय, तो आवाज आत जातो. बाबांचा पलंग या भिंतीला लागूनच आहे, आणि डोळे गेल्यापासून त्यांचे कान असे झालेत की शेजारचं मांजर गच्चीत उतरलं तरी म्हणतात, आलं बघ. इथे बसा, स्टुलावर. खाली वॉचमननं सांगितलं ना तुम्हाला? बजावून ठेवलंय त्याला, जो कुणी डबा न्यायला येईल त्याला जिन्यातच सांग, काय रडायचं ते तिथेच रडू दे, मग वर सोड. तुमचं खाली उरकलेलं दिसत नाही. हा टॉवेल घ्या. पीठ लागलंय त्याला, पण स्वच्छ आहे.

तर कुणी सांगायचं हे ठरलंच नाही. शेवटी आत्या म्हणाली, सांगायचंच नाही. दादाचं काळीज आधीच कच्चं, अर्धं अंग गेलेलं, हा धक्का बसला तर तोही जाईल, मग बस तू दोघांचे फोटो पुसत. मी म्हटलं, अगं पण ताई कुठे गेली म्हणून सांगू? तर म्हणाली, कुठे जायचीये, घरातच आहे, घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीये. झालं. हुकूम सोडला आणि त्याच संध्याकाळी गाडीत बसली. बोलणाऱ्याचं काय जातं हो. मेलेलं माणूस घरात जिवंत ठेवायचं काम आलं कुणाकडे — तर माझ्याकडे, ज्याला शाळेतसुद्धा कुणी ठेवून घेतलं नाही.

आणि ताईचा ताप साधा होता म्हणे. साधाच म्हणत होते सगळे. मग एका सकाळी साधा नव्हता. — जाऊ दे.

आता ती घरात आहे, हे कसं दाखवायचं? बोलायचं नाही, दिसायचं नाही, मग उरलं काय? माझं डोकं तसं चालत नाही, पण त्या रात्री चाललं. उरली बिस्किटं. सुट्ट्या तोंडावर आलेल्या, तिनं ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या, लोकांचे रिकामे डबे हे असे फ्रिजवर रचलेले, तुमचा तो निळ्या झाकणाचा. दरवर्षी या दिवसांत घरभर वास असायचा ना, भाजलेल्या लोण्याचा आणि स्ट्रॉबेरीचा, खालच्या मजल्यावरचे लोक नाक वर करून जिना चढायचे. म्हटलं वास आला की ती आली. तिच्या चपला घातल्या, ह्या, बघा, अर्धी टाच बाहेर लोंबतेय — आणि फटक फटक करत ओट्यापाशी उभा राहिलो. ती भट्टीत ट्रे घालायच्या आधी दोनदा आपटायची, आठवतं? टक, टक. मी आपटला. आतून बाबांचा आवाज आला, लागलीस का कामाला? घसा सांभाळ गं. — आणि मी, काकू, हा एवढा दांडगा, इथे खाली बसलो, हाच टॉवेल तोंडात कोंबून.

पहिला घाणा विचारू नका. लोणी मऊ हवं असतं, हे मला काय ठाऊक, मी ते घाईघाईत गॅसवर वितळवलं. बिस्किटं ट्रेभर पसरली, एकच बिस्किट झालं, पत्र्यासारखं. दुसऱ्यात बिस्किटांच्या मधल्या खड्ड्यांत जॅम काठोकाठ भरला, म्हटलं लोकांना जास्त मिळू दे — तो उकळून बाहेर आला आणि ट्रेला डांबरासारखा चिकटला. टायरच्या दुकानातली लोखंडी पट्टी आणून खरवडला. तिथेच असतो ना मी, पंक्चर काढायला. ताई मला पंक्चरच म्हणायची, नावानं हाक मारलेली आठवत नाही. पीठ मळायला घेतलं की, पंक्चर, गोळा कर, ट्यूब ठोकू नकोस. पंक्चर, हात धुतलेस का, बिस्किटाला रबराचा वास आला तर तुलाच खायला लावीन. आता दुकानात जातच नाही. मालक निरोपावर निरोप धाडतोय. कसा जाऊ? मी गेलो की ताई गेली. चपला कोण वाजवणार? सकाळी भांडी वाजवायची, दुपारी ट्रे आपटायचा, संध्याकाळी न्हाणीघराचा नळ तिच्यासारखा मोठा सोडायचा. फोटो लावायचा नाही. तिचे कपडे दोरीवर — वाळलेलेच कपडे परत भिजवून वाळत घालतो मी, म्हणजे ओल्या कपड्यांचा वास यावा, थेंब पडल्याचा आवाज यावा. हसाल तुम्ही. गच्चीचं दार उघडून एकदा मोठ्यानं ओरडावंसं वाटतं, तर तेही आतून ऐकू येतं. या घरात एक जागा नाही काकू, जिथून ऐकू येत नाही.

— आलो बाबा. कुणी नाही, त्या निळ्या डब्याच्या काकू आल्यात. — हो, बसल्यात. — हो, सांगतो ताईला. — म्हणतायत, काकूंना चार जास्त घाल, त्या भाव करत नाहीत.

बघितलंत? असंच चालतं दिवसभर. तिला निरोप देतात, मी इथे येतो, ओट्यापाशी जरा थांबतो, परत जाऊन सांगतो, ताईनं मान हलवली. देवाशपथ, एकदा तर मी खरंच ओट्याकडे बघून थांबलो, उत्तर येईल म्हणून.

आता हे बघा, हे वेगळं ठेवलेलं. हे विकायचं नाही. दर ट्रेमध्ये एक असं असतं, साखर न घालता मळलेलं, आणि खड्ड्यात जॅम नाही. हे बाबांचं. साखरेनं डोळे नेले त्यांचे, आणखी काय नेऊ द्यायचं, म्हणून ताईचा कायदा — बाबांना बिनजॅमचं. आणि बाबांना गोडाचं असं वेड की तिच्या हातापाया पडायचे. अगं थेंबभर. नाही. अगं नुसतं बोट बुडव. नाही म्हणजे नाही. मग रुसून म्हणायचे, वा गं न्याय, खड्डा मला, जॅम गावाला. रोजचं भांडण. ती म्हणायची, तुम्हाला खड्डा तरी मिळतोय, पंक्चरला तर नुसतं खरवडलेलं मिळतं. आणि हसायचे दोघं, मी मध्ये उभा असा, ट्रे घेऊन. मग बाबा त्या रिकाम्या खड्ड्यात बोट घालून फिरवायचे, जसा काही आत जॅम आहे, आणि ते बोट चोखायचे. तिला चिडवायला. आंधळा माणूस, लकव्यानं पडलेला, पण नाटकी एक नंबर.

मी पहिल्या दिवशी नेलं त्यांचं बिस्किट, तेव्हाही बोट घातलं. मग म्हणाले, आज खड्डा मोठा दिसतोय. खड्डा अंगठ्यानं दाबायचा असतो ना, कच्च्या गोळ्यात. तिचा अंगठा एवढासा, माझा हा — टायर उचकटून उचकटून असा झालेला. मी म्हटलं, हो ना, लोकांना हल्ली जॅम जास्त लागतो. ते म्हणाले, असेल, असेल. आणि बोट तिथेच ठेवून बसले. बराच वेळ. खाल्लं नाही लगेच. मी म्हटलं चला, निभावलं. परवा म्हणाले, तिला सांग, अंगठा भाजला असेल तर गार पाण्यात धरून बस. भाजला होता, काकू. भट्टीतून अर्धवट काढल्यावर खड्डा फुगतो, परत दाबावा लागतो, तिथे भाजला. पण माझा. तिचा कधी भाजायचा नाही, ती चमच्याचा दांडा वापरायची त्या वेळी, हे मला दोन ट्रेनंतर आठवलं. आणि मी ओरडलोही नव्हतो. नुसता श्वास ओढला असेन. म्हटलं, कान आहेत का काय.

तब्येत तशी बरी आहे त्यांची. जेवतात. कुरकुर नाही. फक्त घाम येतो फार, या थंडीत. रोज सकाळी उशी ओली. एका हातानं स्वतःच उलटून ठेवतात, मला कळू नये म्हणून, पण अभ्रा बदलताना कळतंच. साखर असली की येतो म्हणे घाम रात्रीचा. येतो ना?

हां, तर कालचं सांगत होतो. काल त्यांचं बिस्किट घेऊन गेलो, नेहमीसारखं. त्यांनी बोट घातलं, फिरवलं, चोखलं मात्र नाही. म्हणाले, धाकट्या, उद्या यात जॅम घाल. मी म्हटलं, बाबा, ताई जीव घेईल माझा. तर हसले जरासे. म्हणाले, घाल रे. आता रागावणारं कोण राहिलंय. — मी बरं म्हटलं आणि आलो इकडे. ट्रे घासायला घेतला. म्हटलं, घसा बसलेलं माणूस रागावणार कसं, त्या अर्थानं म्हणत असतील. बरोबर ना? त्याच अर्थानं. — असं काय बघताय माझ्याकडे? बोला की. नाही, बोलू नका. — कोण राहिलंय, म्हणाले. राहिलंय.

थांबा जरा. बसा, बसा तुम्ही.

म्हणजे खड्ड्यातच कळलं का हो त्यांना? पहिल्याच दिवशी? बोट घालून बसले होते ते. मी दारात उभा, निभावलं म्हणून खुशीत, आणि ते — आणि मग इतके दिवस, घसा सांभाळ गं, काकूंना चार जास्त घाल गं, हे कुणाला म्हणत होते? आत्ता म्हणाले ना, तुमच्यासमोर. मी चपला वाजवतोय आणि ते ऐकून घेतायत. मी भिंतीच्या या बाजूला टॉवेल तोंडात धरतोय आणि त्या बाजूला ते उशी. पोराला झेपणार नाही म्हणून. मला, काकू, मला झेपणार नाही म्हणून ते गप्प. घाम कसला, आणि साखर कसली. गाढव आहे मी. ती असती तर म्हणाली असती, पंक्चर, हवा केव्हाच गेलीये, तू पंप मारत बस.

ती जॅमची बरणी द्या इकडे. नाही, ती गार चालत नाही, जरा कोमट करावी लागते, म्हणजे खड्ड्यात नीट बसते. चमचाभर नाही घालत. नखभर. साखर आहे त्यांना, मला काय कळत नाही? आधी रागावणार आहे मी, चांगला रागावणार, ती रागावली असती तसा, आणि मग देणार. — हे बघा. भरला. काठोकाठ नाही, एक बोट खाली. एवढं आता येतं मला.

तुमचा डबा तो, निळ्या झाकणाचा. चार जास्त आहेत. आता तुम्ही जा काकू. नाही, पाठीवर हात नको, मग मी इथेच बसेन, आणि हे गार होईल. या चपला इथेच राहू देत, दाराशी, पाय आवळून आलेत माझे. जाताना दार ओढून घ्या. ते लागत नाही चटकन, जोरात ओढावं लागतं. आवाज झाला तर होऊ दे.

— बाबा. मी आहे. एकटाच आलोय. हात पुढे करा, सांभाळून धरा, जॅम आहे यात.