आईची पिओनी

यांगचौच्या बसमध्ये म्याओ आजी मांडीवर कपड्यांचं बोचकं घेऊन बसल्या होत्या. पुढच्या बाकावर बहीणभावाची जुंपली होती आणि सगळ्या बसला ऐकू जात होतं.

"ऐन वसंतात आईची पिओनी उपटलीस? अक्कल गहाण टाकली होतीस का रे?"

"उपटली नाही, ताई. घर विकलं, म्हणून माझ्या अंगणात नेऊन लावली."

"ती शरदात हलवायची असते! आणि पुरलीस केवढी खोल! मुळावरचे डोळे दोन बोटांपेक्षा खाली गेले की नुसती पानं येतात."

"येईल फूल पुढच्या वर्षी."

"डोंबल येईल! जागा बदललेली त्या झाडाला सोसत नाही, रुसून बसतं ते. आईनं जन्मभर त्याला हलू दिलं नाही, आणि तू तिने डोळे मिटताच कुदळ घेऊन धावलास!"

"झाडाचं एवढं कळतं ना तुला? मग आईच्या वेळी कुठे गेली होतीस? एक महिना दादाकडे, एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. महिना संपला की तिचं बोचकं बांधून तिला दारात कोण उभं करायचं?"

"मी एकटीच करत होते का?"

"नाही, तिघंही करत होतो. म्हणून म्हणतो, झाडावरून मला शिकवू नकोस!"

बहिणीची नजर मागच्या बाकावरच्या बोचक्यावर गेली. मग आजींकडे वळून तिरसटपणेच म्हणाली, "आजी, द्या ते ओझं इकडे. कुठे उतरायचंय?"

"पुढच्या थांब्यावर, धाकट्याकडे," बोचकं न सोडता आजी म्हणाल्या. "आज एक तारीख ना."