गुडघ्याखाली चार बोटं

माझा जन्म हर्सूलचा, शाळा सातवीपस्तोर, अन् काम म्हणाल तर शहागंजात सुयांचा इलाज करणाऱ्या एका डॉक्टर मॅडमकडं मी मावशी हाय, बारा वर्षं झाली. मॅडम सुया टोचत्यात, मी पेशंटला निजवायचं, सलवार-पायजमा वर सारून द्यायचा, सुया निघाल्या की मोजून डब्यात टाकायच्या. काय सांगू तुम्हाला, बघून बघून अंगावरल्या जागा पाठ झाल्या मला. पोटासाठी गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या जरा भायेर. तीच हुशारी नडली.

माझी लेक सुजाता, वेरूळला दिलेली. तिच्या आतड्याला सूज हाय, आतून जखमा, संडासातून रक्त जायचं, पण सासरी हे कसं सांगावं, मलाबी लई उशिरा सांगितलं. मोठ्या दवाखान्यातून गोळ्या चालू झाल्या. म्या मॅडमला इचारलं, तर त्या म्हणल्या, सुयांनी सूज उतरायला मदत होऊ शकते, आतड्याचं आतलं अस्तरबी जपलं जात असंल, त्याचा अजून तपास चालू हाय, पण मावशी, गोळी बंद करायची नाय. मी व्हय म्हणले.

मग पोरीला माहेरी आणलं. आठवड्यातून दोनदा मॅडमच्या सुया, अन् बाकीच्या दिवशी मी घरी अंगठ्यानं तीच जागा दाबायची. बरं वाटतं का गं? व्हय माय, लई बरं वाटतं. माझी छाती फुगली. म्हणले, मग त्या गोळ्या कशाला, पोटात आग करत्यात, सोड. सोडल्या तिनं. मॅडमला आम्ही दोघींनी सांगितलंच नाय.

रक्त थांबलंच नव्हतं हो. मी खुश हाय म्हणून पोरगी बोलली नाय, आपले कपडे आपणच गुपचूप धुवायची. एक दिवस नळाला आठ दिवसांनी पाणी आलं होतं, हंडा उचलता उचलता खाली बसली, साडी सगळी रक्तानं भरलेली.

दवाखान्यात डॉक्टर खवळले, गोळ्या कुणी बंद केल्या? सुजाता म्हणली, माझ्याच ध्यानात राह्यलं नाय. मी तिथंच उभी, पायथ्याशी, तिच्या पायावरली चादर सारखी करत राह्यले. मॅडमला मातर नंतर सगळं सांगितलं. त्या रागावल्या नायत, अन् त्येचंच मला जास्त लागलं.

आता दोन आठवडे झालेत. गोळ्या परत चालू, रक्त जाणं कमी हाय म्हणत्यात, पण आतडं काढावं लागंल का ऱ्हाईल, ते कुणी सांगत नाय. माझ्या हातात काय हाय? सुजाता पाय पुढं करती, म्हणती दाब की माय. मी दाबते. बरं वाटतं का, असं मातर इचारत नाय आता. इचारलं तर ती व्हयच म्हणणार.